फौजेतून कोर्टात: माजी सैनिकांसाठी वकिलीची वाट

मंडळी, आपल्या मराठवाड्यातल्या जवानाची पेन्शन पस्तीस-चाळिशीत सुरू होते. पुढच्या वाटा ठरलेल्या असतात: डीएससी (लष्करी ठाण्यांची राखण करणारं सुरक्षा दल), बँकेत गार्ड, नाहीतर शेती. वकिलीकडे फार थोडे वळतात आणि जास्त जणांनी वळावं असं माझं ठाम मत आहे. तालुक्याच्या कोर्टात पहिली तीन-चार वर्षं ज्युनिअरच्या हाती फारसं काही पडत नाही. घर चालत नाही म्हणून कितीतरी हुशार पोरं तिथेच गळतात. तुमच्या घरी दर महिन्याला पेन्शन येते, म्हणून तुम्ही टिकू शकता.

पण आधी पदवीचं बघा, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला फौज पदवी-समकक्ष प्रमाणपत्र देते. ते गट 'क'च्या नोकऱ्यांसाठी आहे. एलएलबीला ते चालत नाही. तिथे विद्यापीठाचीच पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुणांची. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. मात्र बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या नुसत्या पूर्वतयारी परीक्षेवर मिळवलेली पदवी बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) २००८ च्या नियमांत बसत नाही. दहावी, बारावी, पदवी हा क्रम मोडू नका. नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षं हाताशी असतील तर आधी बारावी उरका आणि मग बाहेरून बीए करा. एलएलबीच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

कॉलेज जवळच आहेत: संभाजीनगरला माणिकचंद पहाडे, लातूरला दयानंद. तीन वर्षांचा कोर्स नियमित आहे, ७० टक्के हजेरी लागते, घरबसल्या होत नाही. पुढे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे खुल्या प्रवर्गाला नोंदणी शुल्क ७५० रुपये, आणि त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. त्यानंतर बार परीक्षा द्यायची. तिला टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, म्हणजे गार्डची नोकरी सोडावी लागते. पेन्शन हा पगार नव्हे, ती आड येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तालुक्यातल्या कुठल्याही वकिलापुढे रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचे, कागद ठेवा. त्यातलं लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीमुळे खाली आणलेली श्रेणी) काय, 'नाना' शेरा (आजार सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही) काय, हे त्याला उलगडून सांगावं लागेल. तुम्हाला ते पाठ असतं, आणि फौजीचा वकील फौजीच असावा असं मी म्हणतो ते यासाठी. समजा, हवालदार रक्तदाबामुळे ३० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी, असा शेरा घेऊन घरी आला. बोर्डाने लिहिलं, आजार सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. पेन्शनचा अपंगत्वाचा भाग तिथेच नाकारला गेला. अशा फाईलीत पहिल्यांदा भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद शोधायचा. भरतीत आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी भरती झाला असं धरायचं, आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. हे सांगणारा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल, २०१३. दुसरं, बोर्डाने कारण लिहिलंय का ते बघा. कारण न देता नुसता शेरा मारला असेल तर केसचा जीव तिथेच आहे.

हक्क मान्य झाला की ३० टक्क्यांचे ५० धरून मिळतात. मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही ते लागू आहे, हे राम अवतार निकालाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम बसते. वेतन ४०,००० धरलं तर ३० टक्क्यांना महिना ३,६०० आणि ५० टक्क्यांना ६,०००, वर महागाई भत्ता वेगळा. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, तेव्हा पक्षकाराची निवृत्तीची तारीख पाहिल्याशिवाय जुने निकाल लावू नका.

कागद नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. अर्जात आर्मी नंबर आणि निवृत्तीची तारीख चुकली की महिने वाया जातात. सशस्त्र दल न्यायाधिकरणात (फौजींच्या सेवेचे आणि पेन्शनचे वाद ऐकणाऱ्या कोर्टात) जायची मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. आपल्याला मुंबईचं खंडपीठ लागतं. पेन्शनच्या बाबतीत उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, आणि ज्याने वीस वर्षं वाट पाहिली त्याचे सतरा वर्षांचे पैसे जातात. हे बघून माझा जीव तुटतो, म्हणून गावोगाव सांगत राहा.

या केसेसवर पोट मात्र भरत नाही. तालुक्याला रोजचं काम जमिनीचं: वाटणी, बांध, रस्ता, निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडे हैदराबादचा १९५० चा कुळ कायदा लागू आहे, पश्चिम महाराष्ट्राचा नाही. जुन्या वादात १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक (जमिनीची जुनी महसुली नोंद) काढल्याशिवाय दावा लिहायला बसू नका. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांचं भाषांतर जाणकाराकडून करून घ्या. मोडकंतोडकं भाषांतर दाखल झालं की उलटतपासात तेच अंगावर येतं.

आणि सीमेवर असलेल्या जवानाचा दावा आला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २८ उघडा. रजा मिळत नसेल तर तो भावाला, बापाला किंवा कोणालाही आपल्या वतीने दावा चालवायचा अधिकार देऊ शकतो. लेखी अधिकारपत्रावर सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची, त्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची आणि ते कोर्टात दाखल करायचं. गावात नोटरीपुढे बापाने केलेलं कागदपत्र यासाठी चालत नाही. जवान सुट्टीवर येईल तेव्हाच नमुना त्याच्या हातात द्या, म्हणजे युनिटमध्ये परतल्यावर तो पहिल्याच आठवड्यात सही करून पाठवू शकेल.