सदाशिव पेठेचा तळमजला

(दृश्य: पेरूगेट, सकाळ. पाठीवर सॅक घेतलेली मुलंमुली.)

बीड, लातूर, नंदुरबार... एमपीएससीच्या तयारीसाठी महाराष्ट्रभरातून मुलं पुण्यात येतात आणि सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, राहतात. खाणावळ दोन गल्ल्या सोडून, अभ्यासिका कोपऱ्यावर, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. सगळं पायी. घरून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या मुलाला पुणं परवडतं, ते यामुळे.

ही सोय जुनी आहे. वाड्याच्या दर्शनी भागात दुकान, आत चौक, माडीवर बिऱ्हाडं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं, तेही पेठेतल्या हौदांत. चालत जावं आणि घागर भरून आणावी.

(दृश्य: पाडलेला वाडा, शेजारी नवी इमारत.)

आता वाडे पाडले जाताहेत. काही पाडायलाच हवे होते. टेकू लावलेल्या भिंतीखाली झोपणाऱ्या भाडेकरूला वारशाचं कौतुक ऐकवणं क्रूर आहे. पण त्यांच्या जागी काय उभं राहतंय, ते बघा. कितीतरी नव्या इमारतींचा तळमजला म्हणजे नुसतं पार्किंग. खांब, गाड्या, लोखंडी गेट. झेरॉक्सवाला गेला, पोह्यांची गाडी हटली. रात्री अकराला अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलीला वाटेत उघडं दुकान लागायचं, आता तिथे गेटला कुलूप असतं.

पुण्याला याहून चांगलं करता येतं. 2016 साली महापालिकेनं पादचारी धोरण स्वीकारलं. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले, बसायला जागा आल्या. 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवला, तेव्हा लोक भर रस्त्यातून निवांत चालले.

पेठेच्या गल्ल्यांपर्यंत मात्र हे पोचायला हवं. एकेका वाड्याचा प्लॉट अरुंद. त्यात गाड्या बसवायच्या म्हटलं की तळमजला गेलाच. शेजारचे चार वाडे एकत्र विकसित केले, तर पार्किंग मागे नेता येईल आणि रस्त्याच्या बाजूला दुकानं, खाणावळी राहतील. वर अभ्यासिका. त्याच्या वर मूळ भाडेकरूंची घरं, आणि शेजारीच परवडणाऱ्या भाड्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या. बिल्डर हे आपणहून करणार नाही. वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जादा बांधकामाची परवानगी, देताना महापालिकेनं ही अट घालावी, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तळमजला स्वतः येऊन पाहावा.