मार्चचं बिल आणि उभा राहिलेला रॅक

नमस्कार श्रोतेहो. नागपूर आणि आसपास रॅक, माल रचायचे पॅलेट, ते ओढायचे हँड पॅलेट ट्रक, क्रेट असं गोदामाचं सामान विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी आज बोलायचं आहे. विषय ३१ मार्चचा आहे, पण तो जानेवारीतच काढायला हवा, कारण मार्चमध्ये ऐकायला कोणाला फुरसत नसते.

आपल्या धंद्याला या शहरात चांगले दिवस आले आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली. मग देशाच्या मधोमध एकच मोठं गोदाम टाकायचं म्हटलं की नागपूर आलंच. महामार्ग ४४ आणि ५३ इथेच एकमेकांना छेदतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला. वाडी, गोंडखैरी, कापसी, बुटीबोरी, कुठेही जा, नवी शेड दिसते.

काम भरपूर असलं की वर्षअखेर घाईत जाते, आणि घाईत आपण एकच गोष्ट मोजतो, ती म्हणजे बिलं. माझं कळकळीचं सांगणं आहे की मार्चचा हिशोब उभ्या राहिलेल्या रॅकवर करा.

ग्राहकाची बाजू आधी बघू. फेब्रुवारी संपता संपता तो येतो आणि म्हणतो, “याच वर्षात टाकायचं आहे, ३१ च्या आत बिल द्या.” त्याला घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट, हवी असते. पण घसारा बिलावर मिळत नाही, वस्तू वापरात यावी लागते. वर्षभरात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्म्या दराने मिळतो. म्हणजे मार्चमध्ये रॅक बसला तर निम्मा, आणि गठ्ठे शेडच्या कोपऱ्यात पडून राहिले तर काहीच नाही. हे त्याला ऑर्डर घेतानाच स्पष्ट सांगा. “बिल मार्चचं टाका, माल एप्रिलमध्ये द्या” या बोलण्याला तर मान डोलावूच नका. ई-वे बिलावर, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्यावर, गाडीची तारीख असते, ती लपत नाही.

आता रॅक बसवणारे फिटर. आपल्याकडची बरीच मुलं बाहेरगावची. मार्चमध्ये होळी आली की ती गावी जातात, आणि जायलाच हवीत. म्हणून होळीची तारीख पाहूनच बसवणीचं वेळापत्रक लावा. पाच साइट एकाच आठवड्यात कबूल करणं म्हणजे पाचही ठिकाणी बोलणी खाणं. काम एप्रिलमध्ये ढकललं तर नागपूरचं ऊन आहेच. टिनाच्या शेडखाली, शिडीच्या टोकावर, भर दुपारी माणूस चढवू नये. पहाटे लवकर सुरू करून अकरापर्यंत काम आटोपतं, पण मग दिवस जास्त लागतात. ते कोटेशनमध्ये धरा.

काम कुठे अडतं? अपराईट म्हणजे रॅकचे उभे खांब आणि बीम म्हणजे माल पेलणारे आडवे दांडे, हे सहसा वेळेवर येतात. अडतं ते छोट्या वस्तूंवर. तीन मजल्यांच्या एका खान्याला, मजल्यागणिक पुढे एक आणि मागे एक असे सहा बीम, प्रत्येक बीमला दोन टोकं, म्हणजे बीम निसटू न देणाऱ्या बारा सेफ्टी पिन. शंभर खान्यांना बाराशे. शिवाय अँकर बोल्ट, बेस प्लेट, रांगांमधले स्पेसर, कोपऱ्याचे गार्ड. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, या वस्तू “हार्डवेअर, १ सेट” अशा एका ओळीत बसलेल्या असतात. फेब्रुवारीत गोडाऊनमध्ये स्वतः उभं राहून पेट्या उघडा आणि मोजा. पिनशिवाय रॅक उभा राहतो हे खरं, पण फोर्कलिफ्टचा काटा खालून लागला की बीम उचकतो, आणि खाली माणूस असतो. पिन मागाहून देऊ म्हणून रॅक ताब्यात देऊ नका.

मोजताना वाकलेले अपराईट वेगळे काढा. ठोकून सरळ केलेल्या अपराईटला पहिली ताकद येत नाही. त्याची जागा भंगारात. एका कंपनीचा अपराईट आणि दुसऱ्या कंपनीचा बीम जुळवून माल खपवण्याचा मोहही टाळा. ताबा देताना वजनाचा फलक रॅकवर लावा आणि सुपरवायझरला एक गोष्ट समजावून सांगा: सगळ्यात खालचा बीम परस्पर वर सरकवला तर अपराईटची भार पेलण्याची क्षमता घटते. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

रॅक बनवणाऱ्या कंपन्यांच्या विक्री-स्कीमचं थोडक्यात. टार्गेटसाठी मार्चमध्ये माल भरून घ्यायचाच असेल तर फिरणारा घ्या. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट, १२०० ची बाजू समोर ठेवून दोन लावले, मध्ये आणि दोन्ही कडांना शंभर-शंभर सोडले, की २७०० चा बीम लागतो. तो खपतो. रद्द झालेल्या ऑर्डरचे आडनिड्या मापाचे बीम स्वस्तात मिळाले तरी वर्षानुवर्षं जागा अडवतात.

राहिले पैसे. बसवणीनंतरची शेवटची रक्कम ग्राहक ताबापत्रावर सही झाल्याशिवाय सोडत नाही. ते ताबापत्र फिटरच्या हाती आधीच द्या, तो त्याच दिवशी सही घेऊन येईल. आणि आपली देणी? हिंगणा-बुटीबोरीतला जो सूक्ष्म किंवा लघु उत्पादक उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीतला, आहे, त्याचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंत पैसे गेले नाहीत, तर करासाठी तो खर्च या वर्षात धरला जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. नोंदणी असलेल्या फिटिंग ठेकेदारालाही हाच नियम. आपण व्यापारी असल्यामुळे आपल्याला येणाऱ्या पैशांना मात्र हे संरक्षण नाही. म्हणून वसुलीची यादी आणि देण्याची यादी शेजारी शेजारी ठेवा, सीएंना जानेवारीतच दाखवा, आणि छोट्या कारखानदाराचे पैसे आधी मोकळे करा. त्यालाही मार्च असतो.

नमस्कार.