रेडिओसाठी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम कशाला?

मंडळी, हा प्रश्न हमखास येतो: उबंटू (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) आहे, सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मग रेडिओची सॉफ्टवेअर आधीच बसवून दिलेली ड्रॅगनओएससारखी वेगळी सिस्टिम कशाला?

आरटीएल-एसडीआर डोंगलपासूनच, म्हणजे संगणकाला रेडिओ बनवणाऱ्या छोट्या यूएसबी उपकरणापासूनच, सुरुवात करू. ते मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनलेलं. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे सॅम्पल (सिग्नलची आकड्यांतली मोजमापं) थेट संगणकाकडे पाठवू शकते, हे २०१२ च्या सुमारास सर्वांना कळलं आणि हौशी लोकांची चंगळ झाली. आर८२०टी ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतं. पण लिनक्सच्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लेखी ते डोंगल अजूनही टीव्हीच! डोंगल लावलं रे लावलं की टीव्हीचा ड्रायव्हर त्यावर ताबा घेतो. मग तुम्ही डोंगल तपासणारा आरटीएल_टेस्ट प्रोग्राम चालवता आणि समोर येतं, ‘यूएसबी क्लेम इंटरफेस एरर उणे ६’. नवखा माणूस डोंगलच खराब समजून परत करायला निघतो. खरं तर तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा (आपोआप चालू होऊ द्यायचा नाही) आणि यूडेव्हचा नियम टाकायचा (म्हणजे साध्या वापरकर्त्यालाही डोंगल वापरता येतं), एवढंच काम असतं. ड्रॅगनओएसमध्ये ते आधीच केलेलं असतं.

पण हे किरकोळ झालं. खरी डोकेदुखी आवृत्त्यांची. जीएनयू रेडिओ (सिग्नलवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) ३.८ पासून पायथन भाषेच्या आवृत्ती ३ वर गेला, आणि ३.७ साठी लिहिलेली बाहेरची मॉड्यूल तशीच्या तशी चालेनात. एका मॉड्यूलला ही लायब्ररी (प्रोग्रामांना लागणारा तयार कोड) हवी, दुसऱ्याला तिचीच जुनी आवृत्ती. सिग्नल राहतो बाजूला, दिवस कंपाइल करण्यात (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवण्यात) जातो. लुबुंटूवर (उबंटूच्या हलक्या अवतारावर) उभी असलेली ही सिस्टिम म्हणजे कुणीतरी हा सगळा गुंता आधीच सोडवून ठेवलाय. जीक्यूआरएक्स, एसडीआरएंजल, आरटीएल_४३३ ही रेडिओ प्रोग्रामांची मंडळी तिथे एकमेकांशी भांडत नाहीत. माझ्या मते पैसे वसूल (तेही फुकटात) इथेच होतात. प्रोग्रामांची लांबलचक यादी बघून हुरळून जाऊ नका.

म्हणूनच एक सांगतो: तिथे डोळे झाकून सगळं अपग्रेड करू नका. बरेच प्रोग्राम सोर्सवरून बांधलेले असतात. खालची लायब्ररी बदलली की वरचा प्रोग्राम आडवा. नवी आयएसओ (सिस्टिम बसवायची फाइल) आली की ती वेगळ्या डिस्कवर टाकून बघावी.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवणं चाखून बघण्यापुरतं ठीक. हिशेब करा. सेकंदाला २४ लाख सॅम्पल, प्रत्येकाचे दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ४.८ एमबी. तासाभराचं रेकॉर्डिंग १७ जीबीच्या वर जातं. लाइव्हमध्ये, वेगळी सोय केली नसेल तर, हे सगळं रॅममध्ये साठतं. आठ जीबीची रॅम अर्धा तासही टिकायची नाही. व्हर्च्युअल मशीनचं (चालू सिस्टिमच्या आत चालवलेल्या दुसऱ्या सिस्टिमचं) दुखणं निराळं: यूएसबीचा डेटा वेळेत पोचत नाही, सॅम्पल गळतात आणि टर्मिनलवर ‘ओ ओ ओ’ अशी रांग लागते. ती दिसली की आधी सॅम्पल रेट कमी करा. तरीही थांबली नाही तर सिस्टिम सरळ डिस्कवर बसवा.

आता विमानांचे संदेश पकडून बघू. ते १०९० मेगाहर्ट्झवर असतात, तेव्हा पाव तरंगलांबी जेमतेम सात सेंटिमीटर. अँटेनाची दांडी तेवढीच ठेवा, पूर्ण ओढू नका. आणि अँटेना खिडकीपाशी न्या.