ग्रुपवर विचारा, बांधावर ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. जो सुरतेला कामाला आहे, त्याच्याही नावाची मूठ पडते. म्हणून त्या दिवसांत सुरतेहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. वाटणीवरून अबोला धरलेले, भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडलेले भाऊसुद्धा 'रोट खावाले ये' म्हटलं की एका पंगतीत बसतात. फोनवर हे होत नाही. तिथं राग आला की माणूस निघून जातो, आणि कुणी त्याला परत बोलवायला जात नाही.

पण त्या मोजणीत लेकीच्या नावाची मूठ नसते, आणि रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाही, हे मला खुपतं. समोरासमोरच्या गोतावळ्याला अशी कुंपणं असतात. ओट्यावरच्या बैठकीत जिला बसता येत नाही, ती सून आज महिलांच्या ग्रुपवर केळीच्या वेफर्सच्या ऑर्डरी घेते. तिथं तिला कुणी कूळ विचारत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं, की नोकरीसारखी नवी खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. साहजिकच आहे. रोज बरोबर बसणाऱ्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असतं.

रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. पानावर पिवळट रेघा दिसल्या की छातीत धस्स होतं. हरण्या, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग तर नाही? फोटो ग्रुपवर टाकला की बांधापर्यंत येईतो बऱ्हाणपूरचा कुणी अनोळखी बागायतदार कळवतो, 'व्हायरस दिसतोय भाऊ. फवारून जाणार नाही, झाड उपटून नष्ट करा.' त्याचे उपकारच मानायला हवेत.

खरं अवघड काम त्यापुढं आहे. हरण्या मावा किडीमार्फत पसरतो. शेजाऱ्यानं रोगट झाडं तशीच ठेवली, बांधावर काकडीवर्गीय वेल वाढू दिले, तर तुम्ही उपटलेलं सगळं वाया जातं. आणि कर्ज काढून लावलेली झाडं उपट, असं कुणाला मेसेज टाकून सांगता येत नाही. वाचून तो गप्प बसतो. त्याच्या घरी जावं लागतं. बेण्याला, ठिबकला किती गेले ते तो सांगेल, ते ऐकून घ्यावं लागतं. 'माझीही झाडं काढतोय, तुझी काढायला माझी माणसं पाठवतो' म्हटलं की तो हळूहळू वळतो.

बागायतदार बंधूंनो, भगिनींनो, यंदा पानावर रेघा दिसल्या तर फोटो जरूर टाका. त्याच संध्याकाळी बांधाला बांध लागून असलेल्यांना पारावर बोलवा, आणि झाडं उपटायचा एकच दिवस सगळ्यांनी मिळून ठरवा.

नमस्कार.