चाक, साखळी आणि चकती

(पडदा काळा. आधी नुसता आवाज: साखळ्या खळखळतात, पाठोपाठ काहीतरी धप्पकन टोपलीत पडतं.)

हा आवाज एकदा कानात बसला की माणूस कामातून गेला. डिस्क गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा. खेळ गोल्फचाच, पण चेंडूऐवजी चकती आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावरची टोपली. लांबून भिरकावत जवळ यायचं आणि शेवटची फेक साखळ्यांवर घालायची. तिला म्हणतात पट. लांब फेक जमली की लोक टाळ्या वाजवतात. सामना हातचा जातो तो मात्र बहुधा या चार-पाच मीटरच्या पटवर.

लांब फेकीला मैदानच हवं. पटला घरामागची दहा-पंधरा पावलं पुरतात. अडतं ते टोपलीपाशी. तीच आज करायला घेतली आहे.

(दृश्य: सायकलचं जुनं चाक, साखळीचं वेटोळं, पाईप, पक्कड, कपड्यांची जाळीदार टोपली.)

हे भंगार बघून हसू नका. या खेळाची सुरुवात याहून साधी होती. झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, जे समोर दिसेल ते लक्ष्य. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी आखीव मैदान उभं केलं, तेव्हा तिथेही लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. आता खांबाला चकती लागली की नुसती चाटून गेली, हे ठरवायचं कुणी? वाद ठरलेलाच. त्यावर तोडगा म्हणून साखळ्या आणि टोपली आली. तिचं पेटंट हेड्रिक यांना १९७७ साली मिळालं. गृहस्थ या खेळात इतके बुडालेले, की २००२ साली ते गेल्यावर त्यांच्या अस्थींची राख मिसळून चकत्या ओतल्या गेल्या. तशी त्यांचीच इच्छा होती.

तर, चाक.

२६ इंची सायकलची रिम बाहेरून साधारण ५७ सेंटीमीटर भरते. मैदानावरच्या टोपलीचं वरचं कडंही जवळपास तेवढंच असतं, म्हणजे अर्धं काम सायकलवाल्यांनी करूनच ठेवलंय. फक्त आरे मोजून घ्या. ३६ आऱ्यांचं चाक असेल तर दर तिसऱ्या आऱ्यापाशी एक, अशा १२ साखळ्या सारख्या अंतरावर बसतात. ३२ आऱ्यांच्या चाकावर १२ चा हिशेब जुळत नाही. तिथे एकाआड एक धरून सरळ १६ लावा. चाक पुढचंच घ्या. मागच्याला दातेरी चक्र असतं, शिवाय ते एका अंगाला कललेलं असतं.

(जवळून: पाईपच्या टोपणातून आस आत जातो, खालून नट आवळला जातो.)

इथे मी एकदा तोंडावर आपटलो आहे. चाक छान बसवलं, साखळ्या टांगल्या, पहिली चकती फेकली. चकती साखळीला लागली आणि चाक गरकन फिरलं. फिरणारच, चाकच ते! बेअरिंग शाबूत होतं. साखळ्या खाली खांबाशी बांधलेल्या, वर चाक फिरतंय. चार फेकींत त्यांची वेणी झाली. तेव्हापासून पहिलं काम हे: दोन आरे बाइंडिंग तारेनं खांबाला करकचून बांधायचे. मगच पुढचं.

आता साखळी. बाकीचा सगळा सांगाडा हिच्यासाठी.

साखळी चकतीला पकडते असं दिसतं. खरं तर ती चकतीचा वेग खाते. १७५ ग्रॅमची चकती येऊन आदळते, साखळी मागे रेटली जाते, थोडी वर उचलली जाते. त्या उचलण्यात चकतीचा जोर संपतो आणि ती खाली पडते. म्हणून साखळीला वजन हवं आणि ढीलही हवी. अगदी हलकी साखळी बाजूला होऊन चकतीला वाट करून देते. ताणून बांधलेली जड साखळी तिला आल्या वाटेनं परत पाठवते. दोरीच्या टोपल्याही लोक करतात. आवाज होत नाही, शेजारी सुखी. पण दोरीला वजन नसतं, चकती आरपार जाते, आणि आवाजच नसेल तर मजा ती काय?

(जवळून: साखळीची लांबी मोजली जाते, कडी पक्कडीनं उघडली जाते.)

बाहेरच्या रांगेसाठी ६५ सेंटीमीटरचे १२ तुकडे. आऱ्यांच्या मध्यावरून लोंबणाऱ्या आतल्या रांगेसाठी ५५ चे १२. म्हणजे साधारण १५ मीटर साखळी. आतली रांग टाळायचा मोह होतो. टाळू नका. बाहेरच्या साखळ्यांमधून निसटलेल्या चकतीला अडवायला आत दुसरं कुणी नसतं. सगळ्यांची खालची टोकं एका कडीत ओवायची. ती कडी खांबाभोवती सैल, वरखाली सरकेल अशी.

खालची टोपली वीतभर खोल हवी. कपड्यांची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली चालते. तळाला पाईपपुरतं भोक पाडून ती आडव्या बोल्टवर टेकवायची. तळ टणक असेल तर चकती उसळून बाहेर येते, मग आत जुनी रबरी चटई कापून टाका. टोपलीचा काठ जमिनीपासून ८२ सेंटीमीटरवर. हे माप मात्र टेपनंच घ्या. ठरलेलं माप तेच आहे, सहा सेंटीमीटर इकडे-तिकडे चालतं. त्यापलीकडे गेलात तर हाताला चुकीची उंची पाठ होते आणि मैदानावर सगळे पट काठाला लागतात.

बूड म्हणजे बादलीत काँक्रीट आणि मधोमध पाईप. ओळंबा लावून. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवून उभा केलेला माझा पहिला खांब अजून झुकलेलाच आहे. त्यावर आता वेल चढवला आहे.

(दृश्य: टोपली उभी. जमिनीवर दोरीनं आखलेल्या खुणा: ३ मीटर, ५, ७, १०.)

शेवटची खूण १० मीटरवर, कारण नियमातलं पटिंगचं वर्तुळ तिथे संपतं. त्याच्या आतून फेकल्यावर तोल सावरूनच पुढे पाऊल टाकायचं, चकतीमागे झेपावायचं नाही. घरी कुणी बघत नसतं, म्हणून ही सवय घरीच बिघडते.

आणि चकती चाकावर, आऱ्यांवर जाऊन बसली तर? दिसायला ऐटदार, पण ती धरत नाहीत. साखळ्यांच्या खालून टोपलीच्या जाळीत घुसली तरी नाही.

थोडे दिवस गेले की हात बसतो. मग बाहेरच्या १२ साखळ्या सोडवून ठेवायच्या. समोर उरतो आतला अरुंद झुबका, खांबाला बिलगलेला. पाच मीटरवरून जे डोळे मिटून जात होतं ते अचानक दोन्ही बाजूंनी सुटायला लागतं.

(सात मीटरची खूण. चकती हातातून सुटते. खांबाला चाटून गवतात. दुसरी, गवतात. तिसरी.)

(खळ्ळ.)