पाहुणा येतो कोणाच्या अटींवर?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

शाश्वत पर्यटनाची चर्चा आपल्याकडे बहुधा प्लास्टिकबंदीपासून सुरू होते आणि वृक्षारोपणापाशी संपते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी प्रामुख्याने त्या माणसांविषयी बोलणार आहे, ज्यांच्या दारात आपण सहलीला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने केलेल्या व्याख्येत पाहुणे, पर्यटन उद्योग, पर्यावरण आणि यजमान समाज अशा चौघांच्याही गरजांचा विचार अपेक्षित आहे. प्रत्यक्षात मात्र यजमान समाज हा आराखड्यातल्या शेवटच्या परिच्छेदात येतो आणि तिथेही ‘रोजगारनिर्मिती’ या एका शब्दावर त्याची बोळवण होते. माझे म्हणणे असे आहे की, पर्यटन एखाद्या गावाला मानवेल की नाही, हे तिथे किती पाहुणे येतात यापेक्षा तिथल्या लोकांना पाहुण्यांवर अटी घालण्याचा आणि वेळ आली तर ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार आहे की नाही, यावर ठरते.

हे इंदुरात सांगण्याला कारण आहे. महेश्वर आणि मांडू आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत, उज्जैन तर त्याहून जवळ आहे आणि ओंकारेश्वरही एका दिवसात होते. सकाळी निघून रात्री घरी परतणारा पाहुणा म्हणजे मुख्यतः आपण इंदूरकरच.

अटींवर चालणारे पर्यटन आपल्याला नवे नाही. नर्मदा परिक्रमेचा विचार करा. १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी, तिचे दोन्ही काठ पायी चालायचे, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा आणि रूढ परंपरेप्रमाणे ही वाटचाल तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पूर्ण करायची. वाटेतली गावे परिक्रमावासीयाला सदावर्त देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देतात, आणि त्याने तो स्वतः शिजवून खायचा. या सगळ्या नियमांकडे आपण धार्मिक आचार म्हणून पाहतो आणि ते आहेतच. पण त्यांत गावाचे किती शहाणपण साठलेले आहे तेही पाहावे. त्या दिवसापुरतेच घ्यायचे, साठवायचे नाही, हा नियम गरीब यजमानाची कणगी राखतो. पायी चालण्याच्या अटीमुळे एका दिवशी एका गावात येणाऱ्यांची संख्या आपोआप मर्यादित राहते. पावसाळ्यातला मुक्काम गावाला पेरणीच्या दिवसांत रोजच्या नव्या पाहुण्यांपासून मोकळे ठेवतो. कोणत्याही शासनाने अधिसूचना न काढता नर्मदाकाठाने आपली धारणक्षमता, म्हणजे किती पाहुणे झेपतील याची मर्यादा, ठरवली होती.

आज हीच परिक्रमा बसने पंधरा-वीस दिवसांत होते आणि तिच्या जाहिराती पुण्यापासून इंदुरापर्यंत सर्वत्र दिसतात. वयामुळे किंवा आजारपणामुळे चालू न शकणाऱ्यांच्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. मात्र दोन-तीन बसगाड्या एकाच संध्याकाळी एखाद्या लहानशा गावातल्या आश्रमासमोर उभ्या राहतात, आंघोळीला गरम पाणी आणि रात्रीला स्वतंत्र खोल्या मागतात, तेव्हा यजमानाच्या अटी गळून पडतात आणि त्यांची जागा प्रवासी कंपनीचे वेळापत्रक घेते. पाणी, लाकूडफाटा आणि शौचालये मात्र त्याच गावाची वापरली जातात.

अशा वेळी गावाच्या मनात काय होते, याचा आलेख डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडला. आरंभी उत्साह असतो, मग उदासीनता येते, पुढे चीड आणि शेवटी उघड वैर. प्रत्येक गाव याच क्रमाने जाते असे नाही, पण व्हेनिसची गोष्ट या आलेखाशी बरीच जुळते. तिथल्या जुन्या शहरात विसाव्या शतकाच्या मध्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. आज ती पन्नास हजारांच्याही खाली गेली आहेत, कारण घर कुटुंबाला भाड्याने देण्यापेक्षा पर्यटकाला चार रात्रींसाठी देणे अधिक फायद्याचे ठरले. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. शुल्कामुळे महसूल मिळाला, पण गेलेले शेजारी काही परत आले नाहीत.

आता पैशाकडे वळू, कारण ‘स्थानिकांना रोजगार मिळतो’ हे विधान तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पावसाळ्यातल्या रविवारी मांडूला जाणाऱ्या एका इंदूरकर कुटुंबाचा खर्च पाहा. गाडी इंदूरची, पेट्रोल इंदुरात भरलेले, नाश्त्याचे पोहे आणि शेव घरून बांधून घेतलेले, मुक्काम करायचा असेल तर खोलीचे आरक्षण मोबाइलवरून आणि त्यातले कमिशन दूरच्या शहरात गेलेले. जहाज महालाच्या तिकिटाचे पैसे पुरातत्त्व खात्याकडे जातात. मांडूच्या माणसाच्या हाती मग काय उरते? रस्त्याच्या कडेला भिल्ल स्त्रिया गोरखचिंचेची, म्हणजे तिथल्या भाषेत खुरासानी इमलीची, मखमली सालीची मोठी फळे मांडून बसतात, शेजारी सीताफळे असतात, विस्तवावर भाजलेली मक्याची कणसे असतात. आपण गाडीची काच खाली करतो, भावात दहा रुपयांची घासाघीस करतो आणि पुढे जातो. संपूर्ण सहलीत थेट त्या गावाच्या घरात पोहोचणारा पैसा बहुधा एवढाच असतो, आणि घासाघीस आपण नेमकी तिथेच करतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याच स्त्रिया दाल-पानिये करतात. मक्याच्या पिठाचा गोळा पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचा आणि डाळीबरोबर वाढायचा. हे जेवण त्यांच्या अंगणात, त्यांनी सांगितलेल्या भावाने आणि त्यांनी ठरवलेल्या वेळी मिळू लागले, तर त्याच रविवारचा हिशेब पुष्कळ बदलेल. गोरखचिंचेच्या बाबतीत तर तिथल्या लोकांनी आपला शब्द आधीच उच्चारलेला आहे. काही वर्षांपूर्वी मांडूच्या परिसरातली जुनी झाडे मुळासकट काढून बाहेर नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा गावकरी आडवे आले. पर्यटकासाठी ते छायाचित्राचे झाड आहे. त्यांच्यासाठी ते हंगामी उत्पन्नाचे साधन आहे आणि पिढ्यानपिढ्यांची खूणही आहे.

महेश्वरचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि मला ते सर्वांत शिकवणारे वाटते. देवी अहिल्याबाईंनी राजधानी तिथे नेली, विणकर आणून वसवले आणि महेश्वरी साडीला आश्रय दिला. १८१८ नंतर राजधानी इंदूरला आली, पुढे संस्थानेही विलीन झाली आणि मागांची संख्या घटत गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी स्थापन केली, स्त्रियांना मागावर बसवले आणि किल्ल्यातच विणकामाला जागा दिली. इथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कसब सावरले, विणकरांच्या मुलांच्या शाळेची आणि घरांची व्यवस्था झाली. किल्ल्याच्या एका भागात हॉटेल सुरू झाले ते २००० च्या सुमारास. महेश्वरची साडी दिल्ली-मुंबईत आणि परदेशात विकली जाते, त्यामुळे पर्यटक आला तर विक्री वाढते आणि नाही आला तरी माग थांबत नाही. पर्यटनावर जगणे आणि पर्यटनाचा उपयोग करून घेणे यांतला फरक मागाजवळ उभे राहिले की स्पष्ट दिसतो. रेशमी ताणा, सुती बाणा, दोन्ही बाजूंनी नेसता यावी अशी बुगडीची किनार, किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली चटई आणि विटेची नक्षी. विणणारी स्त्री पाहुण्याकडे एकदा पाहते आणि पुन्हा धोट्याकडे वळते, कारण तिचे गिऱ्हाईक समोर उभे असलेच पाहिजे असे नाही.

तरीही महेश्वरला धोका आहेच. घाटाजवळच्या काही दुकानांत यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवली जाते आणि घाईतल्या पर्यटकाला फरक कळत नाही. अहिल्याबाईंच्या काळापासून रोज मातीची छोटी शिवलिंगे घडवून, पूजून नर्मदेत विसर्जित करण्याची लिंगार्चनाची परंपरा तिथे चालू आहे. तिच्यासमोर कॅमेरे सरसावले जातात, तेव्हा पूजा करणाऱ्यांना विचारण्याचे भान फार थोड्यांना असते. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी घाटाच्या पायऱ्या अडवल्या जातात आणि रोज स्नानाला येणाऱ्या बाईला बाजूला व्हायला सांगितले जाते. ती बाई त्या घाटाची मालकीण आहे, असे मी मानतो.

अटी घालणे शक्य असते, याचे पुरावे देशात आणि शेजारीही आहेत. केरळमध्ये कुमरकोमला २००७-०८ च्या सुमारास जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि रिसॉर्टांनी भाजीपाला कुटुंबश्री या शासकीय योजनेतल्या स्त्रियांच्या बचत गटांकडून घ्यावा अशी व्यवस्था बसवण्यात आली. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालण्यात आली, आधी नोंदणी करावी लागते आणि व्यवस्थापनात आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समितीचा सहभाग असतो. भूतानने भारतीयांवरही दर रात्री बाराशे रुपयांचे शुल्क बसवले आहे. आपल्याच राज्यात ओरछ्याजवळच्या लाडपुरा खास गावात स्थानिक कुटुंबे आपल्या घरांत पाहुणे ठेवतात. या सर्व ठिकाणी सगळे सुरळीत चालले आहे असा माझा दावा नाही. तिथे यजमान निदान चर्चेच्या मेजाशी बसलेला आहे.

इंदूरकरांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. २०१७ पासून स्वच्छतेत अग्रस्थानी राहिलेल्या, घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा करणाऱ्या या शहराची माणसे पातालपाणी, तिंछा आणि चोरल या जवळच्या सहलीच्या ठिकाणी पाण्याच्या काठावर थर्माकोलच्या पत्रावळी टाकून येतात. इंदूर महापालिकेकडे गाड्या आहेत, माणसे आहेत, प्रक्रियेचे कारखाने आहेत. त्या छोट्या पंचायतींकडे यांतले फारसे काही नाही. आपला कचरा गाडीत घालून परत इंदूरला आणणे, एवढे तरी आपण आजपासून करू शकतो.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक, म्हणजे महाकालेश्वर मंदिराचा नवा विस्तारित परिसर, खुला झाल्यापासून तिथली गर्दी बारमाही झाली आहे आणि मंदिराभोवतीच्या विस्तारात अनेकांची घरे गेली आहेत. सिंहस्थाची जुनी रीत अशी की, बारा वर्षांतून एकदा शेतकऱ्याचे शेत काही महिन्यांसाठी तंबूंना द्यायचे, मेळा उठला की शेत पुन्हा नांगराखाली. त्या जमिनींवर कायमस्वरूपी बांधकामाची योजना आली, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २०२५ च्या अखेरीस शासनाने पाऊल मागे घेतले. पाहुण्याला जागा द्यायला त्यांचा नकार नव्हता. जागा किती काळासाठी द्यायची हे आपण ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मांडू ज्या धार जिल्ह्यात आहे, त्याचा बहुतांश भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या, क्षेत्रात येतो. तिथे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि मध्यप्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अमलात आणले. तलाव, गौण वनोपज आणि भूसंपादन या विषयांत ग्रामसभेला त्यामुळे बोलण्याचा कायदेशीर आधार मिळाला आहे. मांडूभोवतीच्या गावांना त्याचा उपयोग करायचा असेल, तर ठराव कसा लिहावा, वाहनतळाच्या शुल्काचा हिशेब कसा ठेवावा, रिसॉर्टाच्या विहिरीमुळे गावाच्या पाण्यावर होणारा परिणाम कसा मोजावा, या कामांत जाणकार माणसांची गरज लागेल. या सभागृहात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, अभियंते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार मांडूचा महाल पाहण्याऐवजी तिथल्या ग्रामसभेने बोलावल्यास तिच्यासाठी द्यावा, अशी माझी विनंती आहे. आपली नावे व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे नोंदवावीत.