बॅम्बराचं वैर

समोर दिसतोय तो बॅम्बराचा किल्ला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा. तट-बुरूज बरेच नंतरचे आहेत, पण खालचा काळा खडक तोच. हजार वर्षांपूर्वी इथे उहट्रेडचं घराणं नांदत होतं. या घराण्याचं यॉर्कशायरच्या थर्ब्रँडच्या घराण्याशी जे वैर जडलं, ते सुमारे साठ वर्षं चाललं. आणि त्याची सुरुवात झाली लग्नाच्या बोलणीतून.

साल 1006. स्कॉटलंडचा राजा माल्कम याने उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमला वेढा घातला. उहट्रेडचा म्हातारा बाप बॅम्बराच्या किल्ल्याचे दरवाजे लावून बसला, आणि तरण्या उहट्रेडने फौज जमवून वेढा मोडून काढला. मारलेल्या शत्रूंची मुंडकी डरहॅमला आणली. चार बायकांनी ती धुतली. त्यांना मेहनताना म्हणून एकेक गाय मिळाली, आणि मुंडकी खांबांवर रोवून तटाभोवती मांडली गेली.

इंग्लंडचा राजा एथेलरेड खूश झाला. त्याने बाप हयात असतानाच उहट्रेडला सगळ्या नॉर्थंब्रियाचा, म्हणजे इंग्लंडच्या उत्तर भागाचा, कारभार दिला.

उहट्रेडची पहिली बायको एजफ्रिडा. डरहॅमच्या बिशपची ही मुलगी चर्चच्या मालकीची सहा गावं आंदण घेऊन आली होती. अट एकच: तिला सन्मानाने नांदवायचं. उहट्रेडने तिला माहेरी धाडलं आणि यॉर्कच्या स्टीर नावाच्या धनाढ्याची मुलगी केली. या सासऱ्याची अट वेगळी होती. जावयाने स्टीरचा वैरी थर्ब्रँड याला ठार मारावं! उहट्रेडने ते केलं नाही. पुढे तर तो थेट राजाचाच जावई झाला. थर्ब्रँड मात्र जिवंत राहिला.

1016 मध्ये डेन्मार्कचा कनूट इंग्लंड जिंकत चालला होता. उहट्रेड शरण जायला निघाला. सोबत चाळीस माणसं, आणि सुरक्षिततेचं वचन. दालनात एक पडदा आडवा लावलेला होता. त्यामागून थर्ब्रँडची शस्त्रधारी माणसं बाहेर पडली. उहट्रेड आणि त्याच्या चाळीसही माणसांना त्यांनी कापून काढलं.

खुनावर उपाय नव्हता असं नाही. अँग्लो-सॅक्सन कायद्यात प्रत्येक जिवाची किंमत ठरलेली होती. वेसेक्समध्ये साध्या शेतकऱ्याची 200 शिलिंग, सरदाराची 1200. रक्कम भरली की वैर मिटायचं. एडमंड राजाने तर दहाव्या शतकातच बजावलं होतं की वैर खुन्यापुरतंच राहावं, भाऊबंदांना त्याची झळ लागू नये. पण बॅम्बरासारख्या घराण्यात बापाचं रक्त पैशाने फिटत नव्हतं.

एजफ्रिडाच्या मुलाने, एल्ड्रेडने, थर्ब्रँडला मारलं. मग थर्ब्रँडचा मुलगा कार्ल एल्ड्रेडच्या मागावर, आणि एल्ड्रेड कार्लच्या. शेवटी मध्यस्थांनी समेट घडवला. दोघांनी बंधुत्वाची शपथ घेतली, जोडीने रोमच्या यात्रेला निघाले. वादळाने जहाज अडलं, तेव्हा कार्लने एल्ड्रेडला घरी नेलं, भरपूर पाहुणचार केला. मग जंगल दाखवतो म्हणून बाहेर नेलं आणि तिथे मारलं. ते साल 1038. त्या जागी दगडाचा छोटा क्रूस होता.

हा सगळा वृत्तान्त आपल्यापर्यंत पोचला तो डरहॅमच्या एका जुन्या हस्तलिखितामुळे. लिहिणाऱ्याला खरी काळजी होती त्या सहा गावांची: कोणाकडून कोणाकडे गेली, चर्चचा हक्क कुठे बुडाला. म्हणूनच त्यात लेकीसुनांची नावं इतकी नीट टिपलेली आहेत. मला वाटतं, हे वैर समजून घ्यायचं तर तलवारींइतकंच या मुलींकडे पाहायला हवं. हक्क त्यांच्यातून पुढे गेला, आणि सूडही.

एल्ड्रेडची मुलगी एल्फ्लेड. तिचा मुलगा वॉल्थिऑफ. 1069 मध्ये नॉर्मनांविरुद्ध, म्हणजे तीन वर्षांपूर्वी फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांविरुद्ध, यॉर्कवर हल्ला झाला तेव्हा वॉल्थिऑफ आणि कार्लचे मुलगे एकाच बाजूने लढले होते. तरीही पुढे चार-पाच वर्षांत त्याने यॉर्कशायरमधल्या सेट्रिंग्टनला माणसं पाठवली. कार्लचे मुलगे थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसले होते. आजोबाच्या खुनाचा सूड त्या पंगतीत उगवला गेला. एकाला त्याच्या चांगल्या स्वभावासाठी सोडलं, आणखी एक तिथे नव्हता म्हणून वाचला.

31 मे 1076 रोजी विंचेस्टरला वॉल्थिऑफचाही शिरच्छेद झाला. पण तो बंडाच्या आरोपावरून, नॉर्मन राजा विल्यमच्या हुकमाने. त्याच्या मागे उरल्या मुली. थोरली मॉड, तिचं दुसरं लग्न स्कॉटलंडच्या डेव्हिडशी झालं, आणि बापाची हंटिंग्डनची जहागीर तिच्याबरोबर सासरी गेली. 1124 मध्ये डेव्हिड राजा झाला. पुढे मॉडचे दोन नातू एकामागून एक स्कॉटलंडच्या गादीवर बसले.